झडप, गोळी आणि पालेभाजी : आईला घरी आणण्याच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर

आई अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आली असून आठवडाभरात तिला घरी नेता येईल, असे डॉक्टरांनी आज सांगितले. म्हणून बाबा, दादा, वहिनी आणि मी अशा चौघांनी वाटून घ्यायच्या कामांची ही वही आजपासून सुरू करीत आहे. काम कोणीही केले तरी नोंद येथेच व्हावी आणि लिहिणारा हात एकच असावा, म्हणजे औषधांच्या बाबतीत दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिल्या जाणार नाहीत.

आजाराची पार्श्वभूमी एकदा नीट लिहून ठेवते, कारण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला 'बायपास झाली' असेच वाटते आहे. आईची बायपास झालेली नाही. तिच्या हृदयाच्या डाव्या बाजूची, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त सोडणारी मायट्रल झडप आकसून कडक झाली होती आणि ती काढून तिच्या जागी कृत्रिम झडप बसवली आहे. याचे मूळ तिच्या लहानपणात आहे. काटोलजवळच्या गावी असताना तिला घसा दुखून ताप आला होता आणि त्यानंतर काही आठवड्यांनी आधी गुडघे, मग घोटे असे एकामागून एक सांधे सुजले होते. सांधे बरे झाले आणि घरचे ते विसरले. अशा आजारात घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर उलटते. सांधे पूर्ववत होतात, झडपांवर मात्र व्रण राहतात आणि ते वर्षानुवर्षे जाड होत जातात. जिना चढताना लागणारी धाप आईने वयाच्या खाती टाकली होती, ती या झडपेची होती.

बसवलेली झडप 'चित्रा' आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत ती विकसित झाली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम एका रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट आणि तिच्यात कलणारी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीन प्लास्टिकची तबकडी, अशी तिची रचना आहे. अशी झडप टिकाऊ असते, परंतु परक्या पृष्ठभागावर रक्त गोठू पाहते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी आईला आयुष्यभर घ्यावी लागेल. या प्रकल्पातली बाकीची कामे दोन-तीन महिन्यांत संपतील. हे एक काम संपणारे नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त विचार त्याचाच करायला हवा.

५ डिसेंबर

नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरात आज फेरफार केले. आईची झोपायची खोली वरच्या मजल्यावर होती, ती खाली आणली. पलंगाखाली लाकडी ठोकळे देऊन त्याची उंची इतकी वाढवली की बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि उठताना हातांवर भार द्यावा लागणार नाही. छातीचे हाड मधोमध कापून ते पोलादी तारांनी बांधलेले आहे. ते जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि पूर्ण मजबुती यायला तीन महिने जातात. तोपर्यंत हातांनी ओढणे, ढकलणे, रेटा देऊन उठणे आणि दोन-तीन किलोंपेक्षा जास्त वजन उचलणे बंद. हा नियम ऐकायला सोपा आहे, पण घरातून एकदा फिरून पाहिले की किती ठिकाणी तो मोडला जाईल ते कळते: मोरीतली भरलेली बादली, घट्ट बसणारे कपाटाचे दार, ओट्याखालचा तांदळाचा डबा, गच्च बसलेले कुकरचे झाकण, भारतीय पद्धतीचा संडास.

संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची दादाने भाड्याने आणली. वहिनीने रोजचे डबे कंबरेच्या उंचीवर मांडले आणि मोरीत मग्गा व बसायचा स्टूल ठेवला. चहाची भांडी लहान आकाराची काढली. या कामांत खर्च जवळपास काहीच झाला नाही, फक्त प्रत्येक वस्तू आईच्या हाताने उचलून पाहायची होती.

८ डिसेंबर

उद्या सुटी मिळणार. सुटीचा कागद आज हाती आला आणि तो बारकाईने वाचल्यावर माझे एक मत पक्के झाले: हा कागद एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो. त्यात शस्त्रक्रियेचा तपशील, हृदय-फुप्फुस यंत्रावरचा वेळ, इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) आकडे सगळे आहे. परंतु रात्री गोळी द्यायची राहून गेली तर काय करायचे, हे नाही. घराला लागणारा कागद घरानेच तयार करावा लागतो आणि त्यासाठी सिस्टरला वेळ मागून, एकेक प्रश्न विचारून, उत्तर त्यांच्यासमोर लिहून घ्यावे लागते. सिस्टरने तो वेळ मनापासून दिला. त्यांनी सांगितलेले असे:

वॉर्फरिन रोज संध्याकाळी एकाच वेळी द्यावी. संध्याकाळी अशासाठी की सकाळी रक्त तपासले आणि मात्रा बदलायची ठरली, तर ती त्याच दिवसापासून बदलता येते. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. फोन करून विचारायचे आणि वहीत लिहायचे. गोळीची ओळख रंगावरून ठेवायची नाही, मिलिग्रॅमवरून ठेवायची, कारण कंपनी बदलली की रंग बदलू शकतो. दुखल्यास पॅरासिटामॉल चालेल, तेही सांगितलेल्या मात्रेतच. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेली कोणतीही गोळी चालणार नाही. दंडात किंवा कंबरेत इंजेक्शन घ्यायचे नाही, कारण स्नायूच्या आत रक्तस्राव होऊ शकतो.

लगेच रुग्णालय गाठण्याची कारणे वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावली आहेत. तोंड वाकडे होणे, एका हातातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे, अचानक धाप, न थांबणारा रक्तस्राव, काळी शौच, डोक्याला मार, १००.४ अंशांच्या वर ताप, जखमेतून पाणी येणे, छातीच्या हाडात कटकट जाणवणे आणि झडपेचा आवाज मंद झाल्यासारखा वाटणे. खाली १०८ हा क्रमांक आहे.

९ डिसेंबर

आई घरी आली. हिवाळी अधिवेशन सुरू असल्यामुळे धंतोलीत यशवंत स्टेडियमच्या बाजूला दुपारनंतर मोर्च्यांची गर्दी होते, म्हणून सुटीची कागदपत्रे आदल्या दिवशीच पूर्ण करून आम्ही सकाळी लवकर निघालो. आईला मागच्या आसनावर बसवून पट्टा आणि छाती यांच्यामध्ये उशी दिली. दादाने मेडिकल चौकाकडून जाणारा रस्ता निवडला आणि प्रत्येक गतिरोधकाआधी गाडी जवळजवळ थांबवली. आल्याबरोबर ओवाळायला सगळे दारात उभे होते; आईला उभे राहवत नव्हते, म्हणून खुर्चीत बसवून ओवाळले.

१० डिसेंबर

पहिली रात्र कठीण गेली. आईला कुशीवर झोपायची सवय आहे आणि सध्या पाठीवरच झोपायचे आहे. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचे, हे रुग्णालयात शिकवले होते, ते तिने झोपेतून उठूनही नीट केले. मध्यरात्री तिने मला उठवून विचारले, "हा आवाज माझ्या आतून येऊन राहिला का?" खोली शांत असली की झडपेची बारीक टिकटिक खरोखर ऐकू येते. तबकडी मिटताना चौकटीला टेकते, त्याचा तो आवाज आहे आणि तो यायलाच हवा, असे तिला समजावून सांगितले. बाबांनी त्यांची खाट त्याच खोलीत आणली, तेव्हा तिला झोप लागली.

श्वासाचा व्यायाम दिवसा दर तासाला करायचा आहे. तीन चेंडूंच्या त्या उपकरणावर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे आहेत. सध्या पहिला चेंडू वर जातो, दुसरा हलतो. फुप्फुसांचे खालचे कोपरे दबलेले राहिले तर तिथे कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून आई कंटाळली तरी यात सूट द्यायची नाही असे ठरले.

१३ डिसेंबर

दिनक्रम बसू लागला आहे. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन घ्यायचे. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढले तर शरीरात पाणी साचते आहे असे समजून फोन करायचा. त्यानंतर नाडी, तापमान, जखमेची पाहणी. चालणे अंगणात पाच मिनिटे, दिवसातून चार वेळा; चालताना वाक्य पूर्ण बोलता आले पाहिजे, ही मर्यादा.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडे आजारी माणसाला न भेटणे हा अपराध मानला जातो आणि त्यामागची माया खरी असते, पण नोव्हेंबर-डिसेंबरात निम्म्या शहराला सर्दी असते आणि सर्दीने येणारा खोकला ताज्या जुळणाऱ्या हाडाला फार महागात पडतो. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना स्वतः फोन केले. बाबांच्या शब्दाला मान आहे, त्यामुळे कोणी रागावले नाही.

१६ डिसेंबर

घरी आल्यानंतरची पहिली आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) झाली आणि आकडा २.१ आला. मायट्रल जागेवरच्या अशा झडपेसाठी तो २.५ ते ३.५ या दरम्यान हवा. प्रत्येक प्रयोगशाळेचे रसायन वेगळे असल्याने पूर्वी निकाल एकमेकांशी जुळत नसत, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये हे समान माप स्वीकारले. वॉर्फरिन न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. २.१ म्हणजे रक्त हवे तेवढे पातळ नाही आणि झडपेवर गुठळी धरण्याचा धोका आहे, ३.५ च्या बराच वर गेला तर उलट रक्तस्रावाचा धोका.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा नव्हता, जेवणाचा होता. गोळी एकही चुकलेली नाही. जेवण मात्र बदलले आहे. रुग्णालयात आईच्या तोंडाला चव नव्हती, ती वरण-भाताचे दोन घास खात होती आणि त्या खाण्यावर तिची मात्रा बसवली गेली होती. घरी आल्यावर भूक परतली आणि नागपुरातला डिसेंबर हा पालेभाज्यांचा महिना. मेथी, पालक, चाकवत, हरभऱ्याची कोवळी भाजी, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, तर ढिगाने. मावशीने सांबारवड्या आणल्या, सोबत कढी. आईने कितीतरी दिवसांनी मनापासून खाल्ले.

वॉर्फरिन काम करते ते के जीवनसत्त्वाच्या मार्गात अडथळा आणून. यकृत रक्त गोठवणारी काही प्रथिने या जीवनसत्त्वाच्या मदतीने बनवते. गोळी ती मदत रोखते, हिरवी पाने ती पुन्हा पुरवतात. प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे ९० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व पुरते आणि १०० ग्रॅम कच्च्या सांबारात ते सुमारे ३०० आणि पालकात त्याहून बरेच जास्त असते. सांबारवडीचे सारण म्हणजे खसखस, तीळ, खोबरे यांच्या आधाराने भरलेला सांबारच.

घरी परतल्यावर दादाचे म्हणणे पडले की पालेभाज्या पूर्ण बंद कराव्यात. बाहेरूनही हाच सल्ला सगळीकडून मिळतो. मी त्याच्याशी सहमत नव्हते आणि डॉक्टरांचेही मत माझ्यासारखेच आहे. बंद केल्या तर शरीरातला साठा इतका कमी होतो की पुढे एखाद्या दिवशी लग्नात वाटीभर भाजी खाल्ली तरी आकडा घसरतो, आणि भूक मंदावली तर तो एकदम चढतो. भाजी शत्रू नाही. तिचे कमीजास्त होणे घातक आहे. खाणे सारखे ठेवायचे आणि गोळी त्या खाण्यावर बसवायची.

आईने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हिवाळ्यात सांबार नाही खायचा तर मग कधी खायचा? मला माप सांगा, मी बसवते." तिनेच माप बसवले. आठवड्यात तीन ठरलेले वार, प्रत्येक वारी शिजलेल्या पालेभाजीची एक वाटी, वाटी तीच. वरून घालायचा सांबार रोज चिमूटभर. ज्या दिवशी सांबारवडी त्या दिवशी भाजी नाही आणि वड्या दोनच. चाळीस वर्षे स्वयंपाकघर चालवलेल्या बाईला अंदाजाचे प्रमाणात रूपांतर करायला अर्धा तासही लागला नाही, आणि आहारतज्ज्ञाच्या छापील तक्त्यापेक्षा हे वेळापत्रक जास्त टिकेल याची मला खात्री वाटते, कारण ते तिचे आहे.

मात्रा थोडी वाढवली आहे: आठवड्यातले दोन दिवस अर्धी गोळी जास्त. बाबांनी दिनदर्शिकेच्या प्रत्येक चौकटीत त्या दिवसाची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिली. गोळी दिली की त्यावर लाल खूण.

२२ डिसेंबर

आयएनआर २.८. गोळीची मात्रा बदलल्यावर पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात, कारण आधीच तयार झालेली प्रथिने रक्तात फिरत असतात. म्हणून दुसऱ्याच दिवशी तपासून घाबरण्यात अर्थ नसतो.

चालणे पंधरा मिनिटांवर आले. दुसरा चेंडू वर जातो.

२८ डिसेंबर

आज आई दुपारी बराच वेळ रडली. दुखत काहीच नव्हते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, घरचे जवळ आहेत, तरी रडू येते याचेच तिला अपराधी वाटत होते. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे अनेकांचे असे होते. झोप तुटते, लक्ष लागत नाही, मन खचते. ते बहुधा हळूहळू ओसरते, पण लांबले तर डॉक्टरांना सांगायला हवे, कारण खचलेले मन चालणे आणि औषधे दोन्ही सोडायला लावते. हे तिला सांगितल्याने थोडा फरक पडला. जास्त फरक वहिनीमुळे पडला. तिने आईला स्वयंपाकघरात खुर्ची दिली आणि मेथीची जुडी निवडायला पुढे ठेवली. निवडण्यात छातीवर ताण नाही. कणीक मळणे, पाट्यावर वाटणे, कुकर उचलणे यांत आहे. उद्यापासून निवडणे, सोलणे आणि फोडणी कधी द्यायची ते सांगणे ही आईची कामे.

विश्रांतीच्या नावाखाली कर्त्या बाईला घरात पाहुणी करून ठेवणे मला आता चुकीचे वाटते. बंद करायची ती ठरावीक हालचाल, काम नव्हे.

३ जानेवारी

आईला सर्दी. ताप नाही. एका परिचितांनी जवळची प्रतिजैविकाची गोळी देऊ केली, ती घेतली नाही. अनेक प्रतिजैविकांनी आयएनआर वर जातो, त्यामुळे ती डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नाही, आणि घेतलीच तर मधल्या काळात रक्त जास्त वेळा तपासायचे. वाफ, कोमट पाणी, खोकताना उशी. वजन स्थिर.

१० जानेवारी

संक्रांत जवळ आली. नागपुरात पतंगांचा जोर किती असतो ते सांगायला नको आणि बंदी असूनही नायलॉन मांजा विकला जातो. गळा चिरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. रक्त पातळ असलेल्या माणसाला बोटाला लागलेला मांजाही बराच वेळ रक्त थांबू देत नाही. आईला दुचाकीवर बसवायचे नाहीच, कारण हाड अजून पक्के नाही. संक्रांतीच्या दोन-तीन दिवसांत अंगणातले चालणेही घराच्या आत. नातवाला साध्या दोऱ्याचा पतंग आणून दिला आणि त्याने तो आजीसाठी म्हणून आनंदाने मान्य केला.

हळदीकुंकू यंदा आमच्याकडे होईल, पण आई बसून राहील आणि वाण वहिनी देईल. तिळगुळाने आयएनआर हलत नाही. संत्र्यांनीही नाही, आईला ती भीती कोणीतरी घातली होती.

२४ जानेवारी

मोठी तपासणी झाली. हाड घट्ट जुळत आहे, जखम कोरडी, टूडी इकोमध्ये झडप नीट उघडते-मिटते, आयएनआर २.९. आता कुशीवर झोपायला आणि हलका स्वयंपाक करायला हरकत नाही. वजन उचलणे आणि दुचाकी तीन महिने पूर्ण होईपर्यंत नाही. रक्ततपासणी यापुढे चार आठवड्यांनी, मध्ये आजारपण किंवा नवे औषध आले तर लगेच.

दातांबद्दल डॉक्टरांनी बजावून सांगितले. हिरड्यांतून रक्तात गेलेले जंतू कृत्रिम झडपेवर घर करतात आणि तो संसर्ग जीवावर बेततो. रोज दोनदा मऊ ब्रश, आणि दात काढणे किंवा हिरड्यांची सफाई करण्यापूर्वी दंतवैद्यांना झडप व वॉर्फरिन दोन्ही सांगायचे. तासभर आधी प्रतिजैविकाची मात्रा घ्यावी लागते आणि वॉर्फरिन परस्पर थांबवायची नाही. आईच्या पर्समध्ये कार्ड ठेवले आहे: झडपेचे नाव, बसवल्याची तारीख, गोळी, आयएनआरची हद्द, दोन फोन क्रमांक.

२ फेब्रुवारी

नातवाचा घसा दुखतो आणि ताप आहे. एरवी मीठपाण्याच्या गुळण्यांवर भागले असते, पण आईने स्वतः त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेण्याचा आग्रह धरला आणि सोबत गेली. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते, तिला प्रतिजैविक लागत नाही. हे दुखणे स्ट्रेप्टोकोकसचे वाटते असे सांगून डॉक्टरांनी दहा दिवसांचे औषध दिले. सुरुवातीच्या नऊ दिवसांत उपचार सुरू झाला तर तो सांध्यांचा आणि झडपांचा ताप टाळता येतो. दोन दिवसांत मुलाला बरे वाटेल आणि बाटली अर्धी राहील, तेव्हा ती पूर्ण करून घेण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. दिनदर्शिकेच्या चौकटीत आता दोन खुणा होतात, एक तिच्या गोळीची आणि एक नातवाच्या औषधाची.

कमोडची खुर्ची परत केली. पलंगाखालचे ठोकळे काढलेले नाहीत. आईला तीच उंची बरी वाटते. पुढील आयएनआर २१ फेब्रुवारीला सकाळी, उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. त्याआधी दंतवैद्यांची वेळ घेणे दादाकडे आहे. मार्चपासून पालेभाज्या कमी होतील आणि उन्हाळा लागेल, तेव्हा भाजीचे माप आणि पाण्याचे प्रमाण दोन्ही डॉक्टरांना विचारून नव्याने बसवायचे आहेत; त्यासाठी आईने प्रश्नांची यादी करायला घेतली आहे.